गेलेल्यांचा निरोप आणणारे

९ जानेवारी २०२१. मध्यरात्र उलटून दीड वाजून गेला होता. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षाला आग लागली. आत सतरा बाळं होती. सात वाचवता आली, दहा गेली. तीन बाळं भाजून आणि सात धुराने गुदमरून गेली, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले. चौकशी समिती नेमली गेली, आर्थिक मदत जाहीर झाली, काहींवर निलंबनाची कारवाई झाली. वर्तमानपत्रांत कारण आले, आकडे आले, जबाबदारी कुणाची यावर वाद झाले.

पण अशा मरणानंतर आईच्या मनात राहणारे प्रश्न कुठल्याच अहवालात येत नाहीत. त्याला फार त्रास झाला का? तो रडला असेल, तेव्हा जवळ कोणी होतं का? मी त्याला आधीच घरी आणलं असतं तर? अशा कक्षात बाळ आत असते आणि आई बाहेर. शेवटच्या क्षणी काय झाले हे तिला दिसलेले नसते, आणि ज्यांना दिसले ते एक तर बोलत नाहीत किंवा कायद्याच्या भाषेत बोलतात. त्या पालकांपैकी कोणी कुणा बुवाकडे गेले, असे मला अजिबात म्हणायचे नाही. त्यांच्या घरांत डोकावण्याचा मला अधिकारही नाही. मी त्या रात्रीपासून सुरुवात केली, कारण या प्रकरणाचा विषय त्या प्रश्नांत आहे. मेलेल्या माणसाचा निरोप सांगतो असा दावा करणारा माणूस नेमके तेच प्रश्न हेरतो आणि त्यांची उत्तरे देतो.

आपल्याकडे अशा माणसाला नावे अनेक. कुठे देवऋषी, कुठे मांत्रिक, कुठे अंगात येणारी बाई, कुठे नुसतेच महाराज. शहरातल्या शिकलेल्या घरांत पाट, वाटी आणि अक्षरे मांडून प्लँचेट करणारे असतात, आणि आता मोबाईलवर पैसे भरून वेळ ठरवता येईल असेही आहेत. वेश बदलतो, गिऱ्हाईक मात्र तेच असते: ज्याचे कोणी तरी गेले आहे आणि बोलणे अर्धवट राहिले आहे असा माणूस.

गेलेल्याशी बोलण्याची इच्छा आपल्या परंपरेला ठाऊक नव्हती असे नाही. उलट तिने त्या इच्छेला जागा करून दिली होती. दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. पवनीला वैनगंगेच्या घाटावर किंवा गावच्या नदीकाठी हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. कावळे झाडावर बसलेले असतात, पण पिंडाला शिवत नाहीत. मग घरचा एकेक जण पुढे होतो. धाकट्या बहिणीचं लग्न मी लावून देईन. सोसायटीचं कर्ज फेडीन. आईला अंतर देणार नाही. कोणी हे मोठ्याने म्हणतो, कोणी मनात. शेवटी कावळा शिवतो आणि सगळ्यांच्या खांद्यावरचे ओझे उतरते. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि विधी पुरा होतो.

यातले गृहीत कुणाला पटो न पटो, त्या रचनेतले शहाणपण मला फार मोलाचे वाटते. जिवंत माणूस गेलेल्याशी बोलतो, तेही चार माणसांसमोर. त्याच्या मनात जे सलत असते ते शब्दांत येते. आणि दुपारपर्यंत ते बोलणे संपते. दर्भाचा कावळा हा त्या संपण्याचा बंदोबस्त आहे. काहीही झाले तरी आज मोकळे व्हायचे, घरी जायचे, तेरवीला गावाला जेवू घालायचे आणि मग शेतावर जायचे. गेलेल्याला प्रश्न विचारायला उद्या परत या, असे त्या घाटावर कोणी म्हणत नाही.

तान्ह्या बाळाला मात्र यातले काही मिळत नाही. दोन वर्षांच्या आतले मूल गेले तर त्याला पुरावे, उदकदान करू नये, असे याज्ञवल्क्य स्मृतीत सांगितले आहे आणि बहुतेक हिंदू घरांत आजही तीच रीत आहे. ना दहावा, ना पिंड, ना तेरवी. ज्या काळात घरोघरी मुले दगावत, त्या काळात हा नियम बहुधा माणसांवर दया म्हणूनच आला असावा. प्रत्येक वेळी तेरा दिवसांचा शोक कोण कसा पेलणार? पण आज एक-दोनच मुले होतात. नऊ महिने सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहिलेले बाळ जाते, आणि संध्याकाळपर्यंत सगळे आटोपते. आठवड्याभरात शेजारीण सांगून जाते, तू अजून लहान आहेस, दुसरं होईल. जिला मूल झाले, जिचे दूध अजून आटलेले नाही, तिच्या दुःखाला समाजाने तारीखच दिली नाही. ज्या दुःखाला तारीख नाही, ते वर्षानुवर्षे दार ठोठावत राहते.

अपघात, आत्महत्या, बेपत्ता होणे, करोनाच्या दिवसांत गुंडाळून परस्पर नेलेले देह: या सगळ्या मरणांत अशीच पोकळी राहते. चेहरा पाहायला मिळाला नाही, शेवटचे बोलणे झाले नाही, कारण नीट कळले नाही. मृत्यू जितका अचानक आणि विधी जितका अपुरा, तितकी निरोपाची भूक मोठी.

ही भूक अडाण्यांनाच लागते, हा समज आधी दूर केला पाहिजे. मराठी मुलखात परलोकविद्येचा प्रसार ज्यांनी सर्वाधिक चिकाटीने केला ते वि. दि. ऋषी बी.ए., एलएल.बी. होते. पुरावा म्हणजे काय, साक्ष कशी तपासतात, हे त्यांच्या शिक्षणाचेच विषय. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या काळात त्यांची पत्नी गेली, आणि तिच्याशी संपर्क साधण्याच्या ओढीने ते या विषयाकडे वळले. पुढे त्यांनी मुंबईत इंडियन स्पिरिच्युअलिस्ट सोसायटी चालवली, व्याख्याने दिली, पुस्तके लिहिली, बैठका घेतल्या. ऋषींना मी भोंदू म्हणणार नाही. त्यांचे झपाटलेपण खरे होते, आणि म्हणूनच ते जास्त विचार करायला लावते. वकिलीच्या शिक्षणाने आलेली उलटतपासणीची सवय त्यांनी सगळ्या जगासाठी वापरली असती. पण ज्या साक्षीदाराच्या तोंडून आपली गेलेली बायको बोलते, त्याची उलटतपासणी घ्यायला कोणाचा जीव धजेल?

रवींद्रनाथ ठाकूरांचेही तेच. त्यांचा धाकटा मुलगा शमींद्र १९०७ मध्ये पटकीने गेला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्यानंतर बावीस वर्षांनी, १९२९ च्या अखेरीस, उमादेवी नावाच्या तरुणीला माध्यम करून रवींद्रनाथांनी कित्येक बैठका केल्या. ती हातात पेन्सिल धरी, ते विचारत आणि ती लिही. त्या वह्या शांतिनिकेतनात जपून ठेवल्या आहेत. शमीशी झालेले संभाषणही त्यांत आहे. नोबेल मिळाले होते, विश्वभारती उभी राहिली होती, जगभर मान होता. मनात अकरा वर्षांचा मुलगा तसाच उभा होता. बावीस वर्षे! मूल जाऊन चार महिने झालेल्या आईला ‘आता सावर’ म्हणण्याआधी हा आकडा आठवावा.

युरोपात या वेडाला महायुद्धाने घरोघरी नेले. बिनतारी संदेशवहनाच्या शास्त्रात ज्यांचे नाव आहे ते भौतिकशास्त्रज्ञ सर ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड सप्टेंबर १९१५ मध्ये रणांगणावर मारला गेला आणि पुढच्याच वर्षी लॉज यांनी त्याच्याशी झालेल्या कथित संवादांचे पुस्तक काढले. लाखो घरांत मुले गेली होती, अनेकांचे देहही परत आले नव्हते. त्या घरांनी ते पुस्तक डोळ्यांतून पाणी काढत वाचले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांचा मुलगा १९१८ मध्ये आणि पाठोपाठ भाऊ गेला. होम्ससारखा संशयी माणूस ज्यांच्या लेखणीतून उतरला, त्यांनी उरलेले आयुष्य परलोकाच्या प्रचाराला वाहून टाकले.

या डॉयल कुटुंबाच्या एका बैठकीची हकिगत मी जरा सविस्तर सांगतो. जादूगार हॅरी हुडिनी डॉयल यांचा मित्र. हुडिनीची आई १९१३ मध्ये गेली, आणि तो तिच्यासाठी अक्षरशः वेडापिसा झाला होता. जून १९२२ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटी इथे डॉयल यांच्या पत्नीने त्याच्यासाठी बैठक घेतली. तिचा हात भराभर चालू लागला आणि पंधराएक पाने आईच्या मायेने भरलेला मजकूर उतरला. हुडिनी बसून वाचत होता. पानाच्या माथ्यावर क्रॉस काढलेला होता. त्याची आई ज्यू धर्मगुरूची बायको. मजकूर सफाईदार इंग्रजीत होता. आईला इंग्रजी धड येत नव्हते. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता, त्याचा कुठे उल्लेख नव्हता. हुडिनी बसला होता तो विश्वास ठेवायचा म्हणूनच. त्याला आई हवी होती. पण हाताची चलाखी आयुष्यभर ज्याने पोटासाठी केली, त्याला स्वतःला फसवता आले नाही. पुढची चार वर्षे, मरेपर्यंत, तो अशा माध्यमांचे पितळ उघडे पाडत हिंडला. डॉयलबाई जाणूनबुजून खोटे वागल्या असे मात्र तोही म्हणाला नाही. त्यांचा हात आपोआप चालतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

हात आपोआप कसा चालतो, हे तेव्हाही नवे कोडे नव्हते. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरवण्याची साथ आली होती. माणसे टेबलाभोवती हात टेकवून बसत आणि टेबल सरकू लागे. मायकेल फॅरडे यांनी एक साधी युक्ती केली. टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ डिंकाने चिकटवले. टेबल आधी सरकले असते तर खालचा थर पुढे गेला असता. सरकला वरचा. म्हणजे हात आधी हलत होते आणि टेबल मागून येत होते. मग हातांची हालचाल दाखवणारा एक काटा त्यांनी बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला, तेव्हा टेबल हलणेच थांबले. बसलेली माणसे लबाड नव्हती. मनात जे अपेक्षित असते त्या दिशेने स्नायू सूक्ष्म हालचाल करतात आणि ती आपल्याला जाणवत नाही. प्लँचेटची वाटी याच बळावर ‘मी सुखात आहे’ अशी अक्षरे गाठते. चार जण बोट ठेवतात, चौघांनाही तेच ऐकायचे असते आणि चौघेही शपथेवर सांगतात की मी ढकलली नाही. खरेच ढकललेली नसते, निदान त्यांच्या जाणिवेपुरती.

पण सगळीकडे इतका प्रामाणिकपणा नसतो. जिथे बैठकीला दर असतो, तिथे कसब असते. ते कसब कसे चालते, हे एका कल्पित प्रसंगातून पाहू.

समजा, लाखनीजवळच्या एका गावातल्या बाईचा बावीस वर्षांचा मुलगा महामार्गावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. चार महिने झाले. ती जेवत नाही, त्याचा सदरा उशाशी घेऊन झोपते. कोणी तरी तिला एका महाराजांकडे नेते. महाराज तिच्याकडे पाहतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, गळ्यात मंगळसूत्र, म्हणजे नवरा आहे. हातात मोबाईल घट्ट धरलेला. अशा वयाची आई इतकी खचलेली असेल तर बहुधा मूल गेले. ते डोळे मिटतात.

“माय, एक जवान पोरगा मले दिसून राहिला.”

बाईंचा हुंदका फुटतो. तीर लागला.

“एकदम गेला. बेमारी नोहती.” बाई मान हलवतात. “मार… वरच्या बाजूले लागला. डोक्याले?” त्या पुन्हा मान हलवतात. नसती हलवली, तर छातीला म्हटले असते. “घरून निघताना काही बोलाचाली झाली होती का?” बावीस वर्षांच्या कुठल्या मुलाची आईशी बोलाचाली होत नाही? “त्याच्या मनात काही नाही माय. तो म्हणते, आईले सांगा, मले तरास झाला नाही.”

हे शेवटचे वाक्य आल्यावर बाकी सगळे पुसले जाते. त्या घरी जाऊन बहिणीला सांगतील: महाराजांनी काही न विचारता सांगितले की तरुण पोरगा आहे, डोक्याला मार लागला, सकाळी भांडण झालं होतं. अर्धी माहिती त्यांनी स्वतःच मानेने, डोळ्यांनी, हुंदक्याने दिली होती, हे त्यांना आठवणार नाही. चुकलेले अंदाजही आठवणार नाहीत. यात बाईंची बुद्धी कमी पडते असे नाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे खास स्वभाववर्णन म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळते यावर पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी ४.२६ आली. कागद सगळ्यांना एकच होता आणि त्यातली वाक्ये बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. ती मुले मानसशास्त्र शिकत होती, शोकात नव्हती आणि पैसेही देत नव्हती. शोकात असलेला माणूस तर अर्थ लावण्यासाठी जिवाचे रान करून बसलेला असतो. समोरचा एक शब्द टाकतो, उरलेले वाक्य तो स्वतः पुरे करतो.

शिवाय अंदाज बांधायचीही हल्ली गरज उरलेली नाही. भंडारा, तुमसर, साकोली, कुठल्याही गावच्या चौकात उभे राहा. भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक लागलेला असतो: फोटो, नाव, वय, गेल्याची तारीख, खाली शोकाकुल म्हणून सगळ्या नातेवाइकांची नावे. तेरवीच्या पत्रिकेत हीच माहिती आणखी नीट क्रमाने असते. मुलाच्या फेसबुकवर त्याचे मित्र, त्याची आवडती गाडी, त्याचा वाढदिवस. अमेरिकेतल्या माध्यमांचा हा धंदा आतून पाहिलेल्या लामार कीन यांनी १९७६ मध्ये पुस्तक लिहून सांगितले की माध्यमे गिऱ्हाइकांच्या खासगी माहितीच्या नोंदी ठेवत आणि त्या आपसांत वाटून घेत. त्यांना त्यासाठी फायली ठेवाव्या लागत. आपण ती माहिती रंगीत छापून चौकात टांगतो.

पहिल्या भेटीत मिळतो तो दिलासा, आणि तो खोटा असला तरी त्या घटकेला खरा वाटतो. एवढ्यावर थांबते तर मी फार तक्रार केली नसती. पण ज्याचे पोट त्यावर आहे तो थांबत नाही. दुसऱ्या भेटीत कळते की मुलाचा आत्मा अडकला आहे, त्याला पुढची वाट मिळत नाही. त्यासाठी काही करावे लागेल. आता आईच्या मनात मुलाच्या वेदनेची नवी कल्पना रुजते. कालपर्यंत तो गेला एवढेच दुःख होते, आज तो तडफडतो आहे. पैसे दिले नाहीत तर मुलाला तडफडत ठेवल्याचे पाप. धानाचे चुकारे आलेले असतात, विम्याचे किंवा अपघाताच्या भरपाईचे पैसे आलेले असतात. ते जातात. आणि तिसऱ्या भेटीत कधी कधी ते वाक्य येते, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते: हे मरण आपोआप आलेले नाही, कुणी तरी केले आहे. मग नाव येते. बहुधा ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे असते, शेजाऱ्याचे असते, जमिनीवरून वाद असलेल्या चुलत्याचे असते. करणीच्या संशयावरून झालेल्या मारहाणी आणि खून विदर्भाने पाहिले आहेत. एका घरातला शोक अशा रीतीने दुसऱ्या घरात मरण घेऊन जातो.

या भागात या धंद्याला विरोध झाला नाही असे नाही, आणि तो केवळ नास्तिकांनी केला असेही नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरी वाजवत गावोगाव बुवाबाजीवर कोरडे ओढले. नागपूरच्या बाबा जुमदेवजींनी सुरू केलेल्या परमात्मा एक चळवळीचे सेवक भंडारा जिल्ह्यात गावोगाव आहेत, आणि दारूबरोबरच अंधश्रद्धा सोडण्याचा आग्रह तिथे धरला जातो. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ पासून नागपुरात काम करते. पश्चिम महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे त्यांत येते. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये.

कायदा हवाच होता. पण या विशिष्ट दुखण्यावर तो क्वचितच पोचतो, कारण इथे फसवला गेलेला माणूस फिर्याद द्यायला येत नाही. पोलीस ठाण्यात जाऊन ‘मला फसवले’ असे त्या आईने म्हणायचे म्हणजे ‘मले तरास झाला नाही’ हे वाक्य मुलाचे नव्हते, असे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचे. पैसे गेल्याचे दुःख त्यापुढे काहीच नाही. मुलाला दुसऱ्यांदा गमावायला कोण तयार होईल? म्हणून अशा घरात जाऊन ‘कसल्या भोंदूच्या नादी लागलात’ म्हणणारा माणूस, हेतू कितीही चांगला असो, त्यांना महाराजांच्याच दारात परत लोटतो.

तिथे वेगळे बोलावे लागते, आणि त्यासाठी एक शास्त्रीय माहिती फार उपयोगी आहे. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून पाहिले. जवळजवळ निम्म्यांना, सुमारे ४७ टक्क्यांना, गेलेल्या जोडीदाराचे अस्तित्व जाणवले होते. कुणाला शेजारी बसल्याचा भास झाला, कुणाला आवाज आला, कुणाला दिसले. ही माणसे वेडी नव्हती, आणि त्यांना त्याचा त्रासही फारसा होत नव्हता; बहुतेकांना उलट बरे वाटे. पण बहुतेकांनी ते आजवर कुणालाच सांगितले नव्हते. लोक हसतील म्हणून.

हे घरोघरी माहीत असायला हवे. रात्री दारात मुलाची चाहूल लागली, स्वयंपाकघरात त्याचा आवाज आल्यासारखा झाला, तर आत्मा अडकलेला नसतो. वीस-बावीस वर्षे ज्याच्या पावलांचा आवाज मेंदूने ओळखायला शिकला, तो आवाज ऐकायची सवय मेंदू काही महिन्यांत टाकत नाही. ज्या बाईला हे कोणी शांतपणे सांगितलेले असते, तिला त्याचा अर्थ विचारायला बाहेर जावे लागत नाही. जिने भीतीने कुणालाच सांगितले नाही, तिला ते ऐकून घेणारा पहिला माणूस बहुधा महाराजच भेटतो. तो हसत नाही, घाईत नसतो, मुलाचे नाव घेऊन बोलतो. आपण नातेवाईक मात्र तिच्यासमोर त्याचे नाव घ्यायचेच टाळत असतो, तिला त्रास होईल म्हणून.

त्या पहिल्या भेटीत महाराजाने दिलेली वस्तू पुन्हा पाहा. भूत नाही, चमत्कारही नाही. एका आईच्या प्रश्नाला तिच्या भाषेत, तिच्याकडे पाहून दिलेले उत्तर. हे उत्तर खरे आणि फुकट देऊ शकणारी माणसे आपल्या व्यवस्थेत आहेत. शवविच्छेदनाचा अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरला ठाऊक असते की डोक्याला असा मार लागल्यावर शुद्ध किती क्षण राहते. धुराने गुदमरताना बहुतेक वेळा आधी शुद्ध जाते, हे वैद्यकाला माहीत आहे. पण तो अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, पोलिसांच्या फायलीत जातो, विम्याच्या दाव्याला जोडला जातो, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांना मराठीत बसवून कोणी वाचून दाखवत नाही. दहा मिनिटे लागतील. प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयात अकस्मात मृत्यूनंतर काही दिवसांनी कुटुंबाला बोलावून, बसायला खुर्ची देऊन, ‘तुमच्या मनात काय प्रश्न आहेत’ असे विचारले गेले पाहिजे. मोठ्या दुर्घटनेच्या चौकशी समितीने आपले निष्कर्ष पत्रकारांच्या आधी पालकांना सांगितले पाहिजेत. माझ्या मते मांत्रिकांवरच्या दहा छाप्यांपेक्षा याने जास्त काम होईल.

आणि तान्ह्या बाळांसाठी एखादा विधीही हवा. धर्माचा असो की नसो. बाळाचे नाव ठेवलेले असेल तर ते मोठ्याने घेणे, त्याच्या नावाने एक झाड लावणे, आईला चार बायकांत बसवून तिला काय आठवते ते बोलू देणे. स्मृतिकारांनी नको म्हटले ते पिंडाला. रडायला त्यांनी बंदी केलेली नाही.

सहा महिने, वर्ष उलटून गेले तरी माणूस उठत नाही, खात नाही, कामाला हात लावत नाही, आपणही जावे असे बोलतो, तर ते लांबलेल्या शोकाचे दुखणे असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत आता त्याची वेगळी नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी असे कोणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसा आणि गेलेल्याचे नाव घेऊन बोला. डॉक्टरकडे जायला ते तयार नसतील, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.